मृत्युपत्र-तपासणी : येत्या रविवारी, सकाळी १० वाजता

सर्व ज्येष्ठ सभासदांना नमस्कार.

संघाच्या कार्यालयात वकील मृत्युपत्राचे कच्चे मसुदे तपासून देणार आहेत. ते १२ पर्यंतच थांबतील, तेव्हा नाव शुक्रवारपर्यंत सचिवांकडे नोंदवा. मुलासुनांना बरोबर आणलेत तरी आत एकट्यानेच बसा.

आणायचे काय : बँक खाती, मुदत ठेवी, डीमॅट, विमा, फ्लॅट, सातबारा यांची यादी आणि प्रत्येकापुढे नॉमिनीचे नाव. मूळ कागद नकोत, झेरॉक्स पुरे.

घोळ बहुतेक इथेच होतो. ‘नॉमिनी लावलाय, झालं काम’ असे नसते. बँक ठेवींची रक्कम नॉमिनीच्या हाती पडते, पण तेवढ्याने तो मालक ठरत नाही. शेअर्सबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितले. मृत्युपत्रात मुलगी आणि पासबुकावर पुतण्या, म्हणजे भांडणाला आमंत्रण. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींना चार नॉमिनी लावता येतात. हिस्से टक्क्यांत दिल्यास बेरीज १०० हवी.

मसुदा करताना :
- साधा कागद चालतो, मुद्रांक शुल्क नाही. नोंदणी ऐच्छिक, पण केलेली बरी.
- साक्षीदार दोन. तुमची सही त्यांच्यासमोर, त्यांची तुमच्यासमोर. वयाने तुमच्यापेक्षा लहान निवडा. ज्याला काही मिळणार आहे तो नको.
- व्यवस्थापकाचे, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याचे, नाव लिहा, त्याला आधी विचारून.
- प्रत्येक पानावर सही, शेवटी तारीख.

कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) दिले असेल तर तेही दाखवा. देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर ते सहसा संपते.