पहिल्या पानावर विमुक्त, पाचव्या पानावर टोळी

मा. संपादक,
स.न.

कालचा अंक वाचल्यापासून डोकं ठिकाणावर नाही म्हणून लिहायला बसले. पहिल्या पानावर ३१ ऑगस्टचा विमुक्त दिन, म्हणजे इंग्रजांनी जन्मानंच गुन्हेगार ठरवलेल्या आमच्यासारख्या जमाती त्या कायद्यातून सुटल्या तो दिवस, हारतुरे, भाषणं, सेटलमेंटमधल्या, म्हणजे आम्हाला डांबून ठेवायच्या तारेच्या वसाहतीतल्या, म्हाताऱ्या माणसांचा फोटो. आतला अग्रलेखही बरा होता, मनापासून सांगते. आणि पानं उलटत पाचव्यावर आले तर ठळक टायपात आमच्याच कैकाडी जमातीचं नाव आणि त्याला जोडून 'टोळी जेरबंद'. तिघांना पकडलंय. तिघांची नावं आत बारीक अक्षरात, जात मात्र हेडिंगमध्ये. त्याच पानावर खाली पतसंस्थेतल्या अपहाराची बातमी आहे, संचालकाला अटक, त्याची जात कुठाय? मी तीनदा शोधली, नाही सापडली. आणि ती नाही छापलीत ते बरोबरच केलंत, त्याच्या जातीतल्या बाकीच्यांनी काय पाप केलं होतं? मग आमच्यातल्या बाकीच्यांनी काय केलंय?

चोरी केली असेल तर शिक्षा होऊ दे, त्यात माझं काही म्हणणं नाही. पण अग्रलेखात तुम्ही १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याबद्दल इंग्रजांना दोष दिलाय, तर त्या कायद्याच्या मुळाशी काय होतं तेही बघा की. सुताराची जात असते, विणकराची असते, तसा चोरी हा पण जातीचाच धंदा, म्हणून बाळ जन्मलं की गुन्हेगार. हे साहेबाला विलायतेत नाही सुचलं, आपल्या गावगाड्याकडं बघून सुचलं, त्यानं फक्त कायद्यात बसवलं. १९११ला तो सगळ्या देशाला लागू झाला, १९२४ला पुन्हा नव्यानं केला. देश सुटला १५ ऑगस्ट १९४७ला आणि दिल्लीनं हा कायदा काढला ३१ ऑगस्ट १९५२ला, मधे पाच वर्षं सोळा दिवस गेले. आणि तुमच्या हेडिंगमध्ये तो काल १ सप्टेंबरलासुद्धा चालूच आहे.

आमची आज्जी सोलापूरच्या सेटलमेंटच्या तारेच्या आत वाढली. हजेरी हा शब्द ती शाळेसाठी कधी वापरायचीच नाही, तिच्यासाठी हजेरी म्हणजे साहेबापुढं उभं राहून आपण पळालो नाही हे सांगायचं. बाहेर पाय टाकायला पास लागायचा. भाऊ गेल्याचा निरोप आला तेव्हा पास हातात पडेस्तोवर तिकडं माती झाली होती. हे सांगताना ती रडायची नाही, नुसती हाताला लागेल ते चिपाड मोडत बसायची.

आता माझं सांगते, कारण काल ते हेडिंग बघितल्यावर मला आधी तेच आठवलं. १९७९ साल, मी आठवीत, तालुक्याच्या गावी मुलींच्या वसतिगृहात. आमच्या खोलीतल्या एका मुलीचं मनगटी घड्याळ हरवलं. खोलीत आठ मुली, आठ पत्र्याच्या पेट्या. बाई आल्या आणि सरळ माझ्या पेटीपाशी थांबल्या, म्हणाल्या, उघड. किल्ली माझ्या गळ्यात दोऱ्याला बांधलेली, हात इतका थरथरत होता की कुलपात जाईना. मग त्यांनीच उघडली आणि पेटी उपडी केली. आईनं जुन्या लुगड्याचे फाडून घड्या घालून दिलेले तुकडे होते, महिन्याला लागतात म्हणून, ते सगळ्यांसमोर जमिनीवर पडले. शेंगाचटणीची बरणी आडवी झाली आणि वह्यांना तेल लागलं. घड्याळ नव्हतंच. मी म्हटलं, बाई, बाकीच्यांच्या पेट्या? तर त्या म्हणाल्या, पेपरात रोज काय छापून येतंय ते वाचतो आम्ही.

संपादक साहेब, हे वाक्य मला सेहेचाळीस वर्षं झाली तरी जसंच्या तसं पाठ आहे. त्या बाई वाईट नव्हत्या हो, मी तापानं फणफणले होते तेव्हा त्यांनीच रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या. त्यांनी फक्त पेपर वाचला होता. घड्याळ दोन दिवसांनी न्हाणीघराच्या खिडकीत सापडलं, ज्या मुलीचं होतं तिनंच अंघोळीला जाताना काढून ठेवलेलं. मला कुणी काही बोललं नाही, एका मुलीनं तेवढं वह्यांचं तेल पुसायला खडूची भुकटी आणून दिली.

पुढं मी शिक्षिका झाले, पस्तीस वर्षं नोकरी केली, वर्गात काही हरवलं तर कुणाचं दप्तर तपासलं नाही. एकदापण नाही.

सुप्रीम कोर्टानं ३ ऑक्टोबर २०२४ला निकाल दिला की तुरुंगातल्या कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढून टाका, आणि विमुक्त जमातीच्या माणसांना मनाला येईल तसं उचलू नका असं पोलिसांनाही बजावलं. म्हणजे तुरुंगाच्या वहीत आता जात लिहायची नाही आणि पेपरात लिहायची? प्रेस कौन्सिलच्या नियमांतसुद्धा आहे, जातीला कमीपणा येईल अशा ठिकाणी जातीचा उल्लेख टाळा म्हणून. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये तसं होतं हे उत्तर देऊ नका, प्रेसनोट सगळ्याच पेपरांना येते, हेडिंग तुमच्या ऑफिसात बसून कुणीतरी दिलंय.

विषय निघालाच आहे तर अजून एक. जातीचा दाखला आणि पडताळणी. आम्हाला २१ नोव्हेंबर १९६१च्या आधीचा पुरावा मागतात. ज्यांना पास शिवाय हलता येत नव्हतं आणि नंतर पोटासाठी गावोगाव टोपल्या विकत फिरावं लागलं त्यांनी कुठली शाळा, कुठला सातबारा दाखवायचा? माझ्या लेकीच्या ॲडमिशनच्या वेळी आम्ही सेटलमेंटचं हजेरीचं रजिस्टर कुठं मिळतंय का शोधत ऑफिसांच्या पायऱ्या झिजवल्या, ज्या वहीनं आजोबांना डांबलं तीच वही आता हात जोडून मागायची. एका कागदावर कैकाडी आणि एकावर कोरवी लिहिलंय म्हणून अजून दोन महिने गेले, सरकारच्याच यादीत दोन्ही एकाखाली असताना. आणि हेच कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत, इकडं विमुक्तात, सोयरिक तिकडं झाली तर एका घरात दोन वर्ग. याच्यावर कधीतरी अर्धं पान द्या.

माझा नातू पाचवीत आहे, रोज सकाळी मला पेपर मोठ्यानं वाचून दाखवतो. काल पहिल्या पानावरचा फोटो बघून म्हणाला, आज्जी, हे आपलंच ना गं? इतका खूष होता. मग नेहमीसारखं शब्दकोडं मागायला लागला, ते पाचव्या पानावर असतं. आज कोडं आलंच नाही म्हणून सांगितलं आणि पेपर घडी करून गादीखाली ठेवला.

रिपोर्टर, उपसंपादक, जे कुणी हेडिंग देतात त्यांना एवढं सांगा की माणसाचं नाव लिहा, गाव लिहा, कलम लिहा. पत्र मोठं झालंय याची कल्पना आहे, काटछाट करायचीच असेल तर दाखल्याचं काढा, पेटीचं काढू नका.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर