पुपुसा मागवल्यावरच थापतात

महोदय,

सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागातल्या त्या जुन्या मेक्सिकन-साल्वाडोरन हॉटेलवरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. इतक्या दूरच्या, गल्लीतल्या हॉटेलला मराठी वर्तमानपत्राने अर्धं पान दिलं, त्याबद्दल आभार. पण ‘सेवा’ या रकान्यात पाचपैकी दीड गुण? आणि कारण काय, तर पुपुसा (मक्याच्या पिठात सारण भरून तव्यावर भाजलेली जाड भाकरी) यायला वीस मिनिटं लागली! हे वाचून राहवलं नाही, म्हणून हे पत्र.

पुपुसा करून ठेवायचा पदार्थ नाही. मागणी आली की मसाचा, म्हणजे मक्याच्या मळलेल्या पिठाचा, साधारण ८० ग्रॅमचा गोळा घ्यायचा, तळव्यांना पाणी आणि थोडं तेल लावायचं, गोळ्याची वाटी करायची, त्यात ३०-४० ग्रॅम सारण भरून तोंड मिटवायचं, वर आलेलं जादा पीठ चिमटीने तोडून काढायचं आणि मग दोन्ही तळव्यांत फिरवत थापायचं. पोळपाट-लाटणं नाही. पुरणपोळीत कणकेचा चिवटपणा सारणाला धरून ठेवतो. मक्यात ग्लुटेनच नाही, त्यामुळे लाटायला गेलं की कड फाटते आणि चीज बाहेर येतं. थापून झालेली पुपुसा चार-पाच इंच रुंद आणि जवळजवळ एक सेंटिमीटर जाड असते. ती मध्यम आचेच्या तव्यावर एका बाजूने चार-पाच मिनिटं आणि उलटून पुन्हा तेवढीच भाजावी लागते. आच वाढवली तर वरून डाग पटकन पडतात, आतला मसा मात्र कच्चा राहून दाताला चिकटतो. म्हणजे नुसतं भाजायलाच दहा मिनिटं. त्यात दुपारची गर्दी, थापणारी एकच बाई आणि तुमच्या आधी चार टेबलांची मागणी. वीस मिनिटं हा तिथे अगदी वाजवी वेळ आहे. उलट पाच मिनिटांत पुपुसा पुढ्यात आली तर ती आधीच भाजून ठेवलेली आणि आता गरम केलेली आहे, असं खुशाल समजावं. तिची कड चामट होते आणि आतलं चीज घट्ट बसतं. गुण कापायचे असतील तर तिथे कापा.

सोबतच्या कोबीला लेखिकेने ‘आंबूस, शिळी’ म्हटलं आहे. ते कुर्तिदो. कोबी बारीक चिरून त्यावर उकळतं पाणी ओततात, मिनिटभराने निथळून घेतात, मग गाजर, कांदा, ओरेगानो, मीठ आणि व्हिनेगर घालून निदान रात्रभर मुरवतात. ते आंबटच असायला हवं. चीज आणि तळलेल्या डुकराच्या मांसाचा तेलकटपणा त्यानेच कापला जातो. पातळ टोमॅटोची साल्सा वरून घालायची, कुर्तिदोचा ढीग ठेवायचा आणि हाताने तोडून खायचं. काट्या-चमच्याने कापत बसलं तर ती गार होते, आणि गार पुपुसेला चव राहत नाही.

आता ‘मेक्सिकन पराठा’ या मथळ्याबद्दल. पुपुसा मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोर या देशाची आहे. तिथल्या संसदेने २००५ साली तिला राष्ट्रीय पदार्थ ठरवलं आणि नोव्हेंबरचा दुसरा रविवार तिच्या नावे केला. १९८० ते १९९२ या यादवी युद्धात सुमारे ७५ हजार माणसं मेली, लाखो देश सोडून गेली. त्यांतली कितीतरी लॉस एंजलिस, वॉशिंग्टन आणि सॅन फ्रान्सिस्कोत आली. अमेरिकन सरकार त्या काळात साल्वाडोरच्या शंभरातल्या दोन-तीन अर्जदारांनाच आश्रय देत होतं. सॅन फ्रान्सिस्कोने मात्र १९८५ मध्ये ठराव करून स्वतःला शरणार्थींचं शहर जाहीर केलं. त्या माणसांनी हॉटेलं काढली तेव्हा गिऱ्हाइकाला टाको आणि बरीटो माहीत होते, पुपुसा नव्हती. म्हणून पाटीवर ‘मेक्सिकन’ आधी आलं आणि पोट त्यावर चाललं. त्या स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईंना लेखात चार ठिकाणी ‘मेक्सिकन मावशी’ म्हटलं आहे. कुठून आलात, एवढं तरी विचारायला हवं होतं.

हा भेद न कळल्याने खाण्यातही घोटाळा होतो. अशा हॉटेलात एकाच नावाचे दोन पदार्थ असतात. मेक्सिकन केसादिया म्हणजे चीज भरून दुमडलेली टॉर्टिया (पातळ पोळी). साल्वाडोरची केसादिया म्हणजे वर तीळ लावलेला, चीज घातलेला गोड केक, कॉफीबरोबर खायचा. मेक्सिकन एन्चिलादा मिरचीच्या रश्शात भिजलेली असते, साल्वाडोरची कुरकुरीत तळलेल्या टॉर्टियावर रचलेली. ओरचाता हे गार पेय मेक्सिकन पद्धतीचं असेल तर तांदूळ आणि दालचिनीचं. साल्वाडोरच्या ओरचात्यात मोर्रो नावाच्या झाडाच्या बिया भाजून दळलेल्या असतात, म्हणून रंग मातकट आणि चव खमंग. ‘ओरचाता गढूळ होती’ हे वाक्य लेखात आहे. ती तशीच असते.

सगळ्यात गंभीर आहे ती ‘शाकाहारींसाठी’ ही चौकट. बीन्सची पुपुसा, भात आणि तामाल (मक्याचं पीठ पानात गुंडाळून उकडलेला पदार्थ) निर्धास्त खा, असं तुम्ही छापलंत. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, हजारो मराठी घरं आहेत, कितीतरी जण आईवडिलांना घेऊन तिकडे जातात. घोटलेल्या बीन्सना पुष्कळ ठिकाणी डुकराच्या चरबीची फोडणी असते, भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो, तामालच्या पिठात चरबी बहुधा असतेच. ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, कारण चरबी त्यांच्या लेखी मांस नव्हे. ‘मांतेका’ (चरबी) आहे का, असं त्याच शब्दात विचारावं. तेलात केलं असेल तर ‘आसेइते’ असं उत्तर येईल. चीज आणि लोरोकोची पुपुसा त्यातल्या त्यात बरी (लोरोको म्हणजे एका वेलीच्या हिरव्या कळ्या, वास उग्र पण सुंदर), पण मांसाच्या पुपुसा त्याच तव्यावर भाजतात हे ज्यांना चालत नाही त्यांना आधी सांगायला हवं. तुमच्या भरवशावर कुणी खाल्लं असेल तर त्याची जबाबदारी कोणाची?

तळाशी दिलेल्या पाककृतीबद्दलही लिहितो. ‘मक्याचे पीठ, अंदाजे पाणी, चवीपुरते मीठ.’ आपल्याकडच्या मक्याच्या पिठाने पुपुसा होणारच नाही, सारण भरताना गोळा चिरतो. मसाचा मका आधी चुन्याच्या पाण्यात (किलोला साधारण १० ग्रॅम खायचा चुना) उकळून रात्रभर भिजवलेला असतो. चुन्याने साल सुटते, त्यातला डिंकासारखा अंश मोकळा होतो आणि पीठ एकजीव होतं. शिवाय मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. चुन्याशिवाय मक्यावरच जगणाऱ्या उत्तर इटलीतल्या गरिबांना पेलाग्रा हा रोग झाला तो याच अभावाने. घरी करायचं तर ‘मसा हरीना’ आणावं, घटकांत मका आणि चुना दोन्ही लिहिलेले असतात. दोन कप पिठाला दीड कप कोमट पाणी, अर्धा चमचा मीठ, मळून पंधरा मिनिटं झाकून ठेवणं. गोळा अंगठ्याने दाबल्यावर कड चिरली तर पाणी कमी, तळव्याला चिकटला तर जास्त. बीन्स इतके आटवावेत की कढईत डावाची रेघ राहील. सैल सारण वाफेने पुपुसा फोडतं. चीज किसून बीन्समध्ये मळून घ्यावं, सुटे तुकडे पिठातून बाहेर टोचतात. एवढ्यात सात-आठ पुपुसा होतात. ही प्रमाणं छापायला चार ओळी लागल्या असत्या. तुमच्या पाककृतींच्या सदरात प्रमाणं जवळजवळ कधीच नसतात, ही तक्रार या निमित्ताने नोंदवून ठेवतो.

आणि छायाचित्र? पिवळं चीज घातलेला, कडक कवचाचा टाको. अशा साच्यातल्या टाकोचा त्या हॉटेलातल्या कुठल्याच पदार्थाशी संबंध नाही. तो फोटो कुठून तरी उचललेला दिसतो.

गुण बदला असा आग्रह नाही, चव ज्याची त्याची. पण शाकाहाराच्या चौकटीची दुरुस्ती येत्या रविवारी, त्याच पानावर, तेवढ्याच आकारात छापावी, आणि ऑनलाइन आवृत्तीतून ती चौकट आजच काढावी.

आपला,
एक नियमित वाचक
फ्रीमाँट, कॅलिफोर्निया