सिस्टर, तुमचे आभार

बाबांचं हृदय अशक्त. दंडात पिक लाइन, म्हणजे शिरेतून हृदयाजवळ जाणारी बारीक नळी ठेवून घरीच लॅसिक्सची, म्हणजे अंगात साठलेलं पाणी लघवीवाटे काढणाऱ्या औषधाची इंजेक्शनं चालू ठेवायची होती. शनिवारी संध्याकाळी डिस्चार्ज मिळाला आणि कळलं, घरी येणारी नर्स सोमवारशिवाय नाही! कागदावर त्याबद्दल अवाक्षर नव्हतं. बिल मात्र बिनचूक.

ड्यूटी संपवून निघालेल्या एका सिस्टरांनी खांद्यावरची पर्स पुन्हा खाली ठेवली. डॉक्टरांना विचारून आल्या. 10 मिलीच्या सिरिंजने त्या नळीत सलाइन कसं सोडायचं, हे माझ्याकडून तीनदा करून घेतलं. हात थरथरला तेव्हा म्हणाल्या, "घाई नको, दादा." रोज सकाळी वजन, 3 दिवसांत 2 किलोंहून जास्त वाढलं तर लगेच फोन, हे औषधाच्या खोक्यावर ठळक लिहून दिलं.

रविवारी सकाळी त्यांचाच फोन. "वजन केलंत ना बाबांचं?"

गडबडीत नाव विचारायचं राहिलंच, सिस्टर. खोकं अजून फ्रिजवर आहे.