राखी रानकोंबडा ओळखताना

महोदय,
सह्याद्रीतल्या रानकोंबड्याची बातमी छापताना सोबत बऱ्याचदा लाल रानकोंबड्याचा फोटो लावला जातो. आपल्याकडचा राखी. नराच्या मानेवरची काळपट पिसं जवळून पाहावीत. त्यांवर मेणाच्या थेंबांसारखे चकचकीत पिवळे-पांढरे ठिपके असतात. परदेशी गळांची आमिषं बनवायला याच पिसांची निर्यात होई, त्यापायी शिकारही झाली. वीण संपल्यावर, पावसाळ्यात, ही पिसं झडतात आणि भलेभले चकतात. मादीला तुरा जवळजवळ नसतो. पाय पिवळे, पांढऱ्या छातीवरच्या पिसांना काळी कड. घरटं म्हणजे जमिनीवरचा साधा खळगा. अंडी ४ ते ७, उबवणार एकटी मादी, सुमारे २१ दिवस. विणीचा भर फेब्रुवारी ते मे, म्हणजे नेमके वणव्याचे दिवस. गवताला काडी लावणाऱ्यांना हे कोणी सांगेल का?

– एक पक्षीनिरीक्षक, चिपळूण