सायनोटाइप शिकवताना गावातल्या बाइंडरलाही बोलवा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या काही वर्षांत खानदेशातील महाविद्यालये, कलामंडळे आणि काही उत्साही छायाचित्रकार यांच्या पुढाकाराने सायनोटाइप (रसायन लावलेल्या कागदावर उन्हाने निळे छाप काढण्याची पद्धत), पिनहोल कॅमेरा (भिंगाऐवजी बारीक छिद्र असलेला कॅमेरा), पानाफुलांच्या रसावर उन्हाने उमटवलेली चित्रे अशा जुन्या छायाचित्रण पद्धतींच्या कार्यशाळा अधूनमधून होऊ लागल्या आहेत. पूर्वी यासाठी पुणे किंवा मुंबई गाठावी लागे आणि शुल्कापेक्षा जाण्यायेण्याचा व राहण्याचा खर्चच जड जाई. त्या दृष्टीने हा बदल निश्चितच चांगला आहे. तथापि या कार्यशाळा ज्या पद्धतीने उरकल्या जातात, तिच्याविषयी नोकरीची सारी वर्षे मुलांना चित्रकला शिकवण्यात घालवलेला एक शिक्षक म्हणून काही स्पष्टपणे लिहिणे मला आवश्यक वाटते. आपल्या दैनिकाचे वाचक जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत असल्याने हे म्हणणे संबंधितांपर्यंत पोहोचेल, अशी अपेक्षा आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की, अशी कार्यशाळा छापापाशी संपू नये. प्रत्येकाने स्वतः रसायन लावलेल्या कागदावर स्वतः छाप काढावेत, त्या छापांचे स्वतःच्या हाताने शिवलेले पुस्तक करावे, आणि हे पुस्तक करायला शिकवण्यासाठी आयोजकांनी गावातल्याच बाइंडरला रीतसर मानधन देऊन बोलवावे.

असे म्हणण्याचे कारण सांगतो. अशा एका कार्यशाळेला मी अलीकडेच उपस्थित होतो. दीपप्रज्वलन, सत्कार आणि प्रास्ताविक यांत सकाळ गेली. त्यानंतर पाहुण्या तज्ज्ञांनी मंचावर एका कागदाला रसायन लावून दाखवले, जे मागच्या रांगांतून कोणालाही दिसले नाही, आणि मग मुलांच्या हाती आधीच लेप देऊन वाळवलेले पोस्टकार्डाएवढे कागद देण्यात आले. मुलांनी त्यावर कडुनिंबाची डहाळी ठेवली, कागद उन्हात धरला, टबात बुडवला. निळा छाप आला, टाळ्या झाल्या, प्रमाणपत्रे वाटली गेली. एका मुलाने शेजारच्याला विचारले, ‘‘हाई निळं कसं व्हयनं?’’ त्या संपूर्ण दिवसात विचारला गेलेला हा सर्वांत चांगला प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर देण्यास कार्यक्रमपत्रिकेत वेळ ठेवलेला नव्हता.

वास्तविक उत्तर अवघड नाही. फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम १०० मिलिलिटर पाण्यात आणि पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम दुसऱ्या १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून ही दोन द्रावणे वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवतात आणि वापराच्या वेळी सम प्रमाणात मिसळतात. मंद पिवळ्या दिव्याच्या उजेडात रुंद ब्रशाने कागदावर लेप देऊन तो अंधारात वाळवतात. उन्हातील अतिनील किरणांनी या लेपातील लोहाचे रूप बदलते, ते फेरिसायनाइडशी संयोग पावते आणि पाण्यात न विरघळणारा प्रशियन निळा रंग कागदाच्या तंतूंत बसतो. जिथे ऊन पोहोचले नाही तिथले रसायन धुऊन जाते आणि कागदाचा मूळ पांढरा रंग उघडा पडतो. लेप उन्हात हिरवट पिवळ्याचा निळसर होतो आणि पुरेसे ऊन लागले की त्यावर राखाडी, काहीशी धातूसारखी झाक येते. ही झाक ओळखणे म्हणजेच ऊन ओळखणे होय, आणि ती घड्याळ लावून शिकता येत नाही, कारण पौषातले आणि वैशाखातले ऊन सारखे नसते. तयार कागद हाती दिला की लेप पातळ झाला, ब्रशाचे पट्टे राहिले, कागद ओलसर राहिला, या सगळ्या शक्यता मुलांसाठी संपतात, आणि त्यांच्याबरोबर शिकणेही संपते.

त्यात आपल्याकडची एक खास अडचण आहे, जी बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञांच्या ध्यानात सहसा येत नाही. प्रशियन निळ्या रंगाला सोडा, खडू यांसारखे अल्कधर्मी पदार्थ सोसत नाहीत, आणि तापी-पूर्णेच्या गाळपट्ट्यातील बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड आणि क्षारयुक्त असते. अशा पाण्यात छाप बराच वेळ पडून राहिला की फिकट छटा आधी उडतात आणि मग गडद भागही विटतो. पहिल्या धुण्याच्या पाण्यात थोडा लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घातले की हे पुष्कळ अंशी टळते. कागदाचेही तसेच आहे. छपाईच्या आणि झेरॉक्सच्या कागदात आता बहुधा खडूची भर असते, आणि त्यावर निळा रंग फार काळ टिकत नाही. सुती चिंध्यांपासून केलेला, खडू न मिसळलेला आणि पुरेशी खळ दिलेला हातकागद यासाठी उत्तम. खळ कमी असेल तर तो रसायन पिऊन टाकतो आणि पाण्यात भिजला की हातात फाटतो. रावेर-यावल पट्ट्यात घड काढल्यावर केळीचे जे खोड उरते, त्याच्या धाग्याचाही कागद होतो, परंतु धागा शिजवताना वापरलेला सोडा नीट धुऊन काढला नसेल तर त्यावरचा छापही विटणारच. कापूस आणि केळी या दोन्ही पिकांच्या प्रदेशात या गोष्टी सांगितल्या जाऊ नयेत, याचे नवल वाटते.

कागदाचा विषय निघालाच आहे म्हणून नमूद करतो की, एरंडोल हे एके काळी देशी कागदासाठी नावाजलेले गाव होते आणि ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्येही त्याची नोंद आहे. कागद करणारे हात आपल्याकडे होते. पुण्याच्या हातकागद संस्थेला १९४० पासूनची परंपरा आहे. तेथून कागद मागवणे सोयीचे असेल तर अवश्य मागवावा, पण तो कसा होतो हे मुलांनी एकदा तरी पाहिले पाहिजे.

आता पुस्तकाविषयी. छायाचित्र आणि हाताने बांधलेले पुस्तक ही जोडी माझ्या मनात आलेली कल्पना नव्हे. जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये सायनोटाइपची पद्धत शोधली आणि पुढच्याच वर्षी, १८४३ मध्ये, ॲना ॲटकिन्स या वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या इंग्रज बाईंनी समुद्री शेवाळांचे सायनोटाइप छाप काढून त्यांचे ग्रंथरूप भाग प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. छायाचित्रांनी सजलेला हा पहिला ग्रंथ मानला जातो. त्यातला मजकूरही बाईंनी हाताने लिहून त्याच निळ्या पद्धतीने उमटवला होता आणि हे काम १८५३ पर्यंत चालले. आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करणारा मेजर रॉबर्ट गिल घ्यावा. त्याने रंगवलेल्या बऱ्याच प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या, परंतु त्याने काढलेली लेण्यांची छायाचित्रे १८६४ मध्ये लंडनहून ग्रंथरूपाने निघाली होती आणि त्या ग्रंथांत ती पानोपानी हाताने चिकटवलेली होती. हा गिल १८७९ मध्ये वारला आणि त्याची कबर भुसावळात आहे. रेल्वेच्या गावात वाढलेल्या किती मुलांना हे माहीत आहे, कोण जाणे. चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) यांनी आपल्या दगडी घरात बसून, टेबलावर साध्या वस्तूंची मांडणी करून जी टेबलटॉप छायाचित्रे सिद्ध केली, ती पाहायला आजही त्यांच्या कलादालनात जाता येते. छायाचित्रणाच्या कार्यशाळेला आलेल्या खानदेशी मुलाला ही दोन नावे सांगितली गेली नाहीत, तर कार्यशाळा खानदेशात घेतल्याचा लाभ तो काय?

ग्रंथबांधणी शिकवताना मात्र पाश्चात्त्य नावांच्या शिलाया पडद्यावर दाखवण्याची काही गरज नाही. प्रत्येक तालुक्याच्या गावी ग्रंथालयांची फाटकी पुस्तके, व्यापाऱ्यांच्या वह्या आणि ग्रामपंचायतींची दप्तरे बांधणारा एखादा तरी बाइंडर असतो. त्याचे काम जवळून पाहावे. फॉर्म, म्हणजे दुमडलेल्या पानांची जुडगी, एकावर एक रचून तो काठ आपटून सारखे करतो, करवतीने पाठीवर खाचा पाडतो, मेण लावलेला दोरा त्या खाचांतून ओढत प्रत्येक फॉर्म आधीच्या फॉर्मला अडकवतो, लाकडी शिकंज्यात घट्ट आवळून पाठीला खळ आणि कापड लावतो, आणि हे सगळे करताना समोरच्या गिऱ्हाइकाशी त्याचे बोलणे चालूच असते. कागद कोणत्या दिशेने सहज दुमडतो हे तो कोपरा किंचित वाकवून सांगतो. ती दिशा पाठीला समांतर ठेवली नाही तर पावसाळ्यात पाने वाकडी होतात आणि पुस्तक नीट मिटत नाही, हे त्याला कोणत्याही पुस्तकात वाचावे लागलेले नाही.

छापांचे पुस्तक बांधताना एक नेमकी अडचण येते. छापाचा कागद जाड असतो, धुण्याने तो किंचित फुगतो, आणि अशी पाने एकावर एक शिवली की पुस्तक पाठीशी बारीक व उघडत्या बाजूला जाड होऊन आ वासून राहते. त्यावरचा उपाय म्हणजे पाठीशी अरुंद पट्ट्या शिवून तेवढी जाडी आधीच भरून काढणे. ज्या जुन्या बाइंडरने लग्नाचे काळ्या पानांचे अल्बम बांधले आहेत, त्याला हे सांगावे लागत नाही. छायाचित्रणाच्या पदवीधराला सांगावे लागते. उलट, आपले बाइंडर कसर लागू नये म्हणून मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद घालतात. वह्यांना ते चालून जाते, परंतु तांब्याचे क्षार कागदाचे जीर्ण होणे वेगाने घडवून आणतात, म्हणून छापांच्या पुस्तकासाठी मोरचूद टाळून ताजी खळ करावी, हे छायाचित्रकाराने बाइंडरला सांगायचे. दोघे एका टेबलाशी बसले तरच ही देवाणघेवाण होईल. मंचावरच्या तज्ज्ञाला शाल आणि बाइंडरला कोपऱ्यात मदतनीस म्हणून उभे करणे, असा प्रकार मात्र होऊ नये.

शिवलेल्या पुस्तकाखेरीज आपल्याकडची पोथीही आहेच. सुटी आडवी पाने, वर-खाली लाकडी पाट्या आणि वरून गुंडाळलेले कापड, ही रचना पाठ न चिकटवता जाड छाप जपून ठेवण्यास फारच सोयीची आहे. धुळ्याच्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळाकडे (स्थापना १९२७) हस्तलिखिते आणि जुने दप्तर आहे. कार्यशाळेचा अर्धा दिवस तेथे नेऊन पोथी कशी उघडतात, कशी बांधतात, एवढे जरी मुलांना दाखवले तरी पुष्कळ झाले.

जागेचा आणि पैशाचा प्रश्न काढला जाईल, म्हणून त्याविषयी थोडक्यात. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ अन्वये मान्यता मिळालेली ‘अ’ आणि ‘ब’ वर्गाची ग्रंथालये तालुक्याच्या गावी आहेत. त्यांच्याकडे वाचनकक्ष आहे, बहुतेकांकडे गच्ची आहे आणि बांधणीची वाट पाहणारी पुस्तके तर भरपूर आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना दप्तराविना दहा दिवस स्थानिक कारागिरांकडून काही शिकण्याची शिफारस केली आहे. त्या दहा दिवसांपैकी चार दिवस या कामाला मिळाले तर एकेका मुलाचे पुस्तक आरामात पूर्ण होईल. यातून मोठा रोजगार उभा राहील असा दावा मी करणार नाही, कारण तसा दावा करून सुरू झालेले अनेक उपक्रम पहिल्या वर्षानंतर कोणी विचारलेले नाहीत.

सुरक्षिततेबाबत मात्र आयोजकांनी ढिलाई करू नये. सायनोटाइप हातमोजे घालून आणि देखरेखीखाली शाळकरी मुलांना शिकवता येतो. फक्त फेरिसायनाइडचा तीव्र आम्लाशी संबंध येऊ देऊ नये, कारण त्यातून विषारी वायू निघू शकतो. सॉल्ट प्रिंट आणि व्हॅन डाइक ब्राउन या पद्धतींत सिल्व्हर नायट्रेट लागते. ते कातडीवर काळे डाग पाडते आणि डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा करते, म्हणून त्या महाविद्यालयीन मुलांपुरत्या आणि चष्मा लावूनच घ्याव्यात. गम बायक्रोमेटमधील डायक्रोमेट कर्करोगकारक असल्याने ही पद्धत खुल्या कार्यशाळेत मुळीच नसावी, आणि तिचे पाणी गावच्या गटारात तर कदापि सोडू नये. लहान मुलांसाठी पालक, बीट किंवा झेंडूच्या रसाचा लेप देऊन काढलेले अँथोटाइप सर्वांत निर्धोक. त्यांना कित्येक तास, कधी कित्येक दिवस ऊन लागते आणि ते पुढे उजेडात फिके होतात, पण आपल्याकडे उन्हाची टंचाई नाही.

आयोजकांना शेवटची विनंती वेळापत्रकाची आहे. उन्हाळी सुटी सोयीची म्हणून मे महिना निवडला जातो, परंतु पारा चाळिसाच्या पुढे असताना लेप ब्रश फिरवता फिरवताच वाळतो, त्यावर पट्टे राहतात आणि मुलांना गच्चीवर उभे करणेही धोक्याचे ठरते. दिवाळीनंतर महाशिवरात्रीपर्यंतचा काळ यासाठी योग्य आहे: आकाश निरभ्र असते, हवा कोरडी असते आणि दुपारचे ऊन पुरेसे असते. एखाद्या ग्रंथालयाने या काळात चार दिवस वाचनकक्ष आणि गच्ची देण्याची तयारी दाखवली, तर मुलांना लेप देण्यापासून शिकवण्याचे काम मी विनामोबदला करीन. बाइंडरचे मानधन तेवढे आयोजकांनी आधी ठरवून घ्यावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कलाशिक्षक, अमळनेर