मुलग्यांच्या छातीबाबत शालेय तपासणीत एक प्रश्न विचारला जावा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : वयात येणाऱ्या मुलग्यांच्या छातीची वाढ अर्थात गायनेकोमास्टिया, तिची तपासणी, समुपदेशन आणि उपचार यांची निश्चित व्यवस्था करण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

मी नाशिकमधील एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे. आठवी-नववीच्या वर्गांत दरवर्षी काही मुले अशी दिसतात, की जी ऐन उन्हाळ्यात शर्टाच्या आत दोन-दोन बनियन घालतात, खांदे पुढे ओढून चालतात, कबड्डीत पकड होण्याच्या भीतीने चढाईला जात नाहीत आणि सावरकर जलतरण तलावावरच्या स्पर्धेसाठी नावे घेऊ लागलो की सर्दी-खोकल्याचे निमित्त सांगतात. यांतल्या बऱ्याच मुलांच्या मनात एकच गोष्ट असते : आपली छाती मुलींसारखी वाढते आहे. हे ती आईला सांगत नाहीत, वडिलांना तर नाहीच, आणि वर्गातल्या ज्या दोघा-तिघांच्या लक्षात येते ते त्यावरून चिडवतात. माझ्या विषयाच्या तासाला अंगावरचे कपडे आणि चालण्याची ढब इतर शिक्षकांपेक्षा मला अधिक दिसते, म्हणून हे पत्र मी लिहीत आहे.

वैद्यकशास्त्राला यात गूढ असे फारसे काही नाही. स्तनग्रंथीचे थोडेसे ऊतक पुरुषाच्या शरीरातही जन्मतःच असते. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हार्मोन) ते वाढवते, टेस्टोस्टेरॉन हे पुरुष-संप्रेरक त्या वाढीला आवर घालते. या दोहोंमधला तोल काही काळ ढळला, की स्तनाग्राच्या बरोबर खाली रबरासारखी घट्ट, बोटाखाली हलणारी, कधी दुखरी चकती तयार होते. असा तोल आयुष्यात तीनदा अगदी नैसर्गिकपणे ढळू शकतो : जन्मल्यावर लगेच, वयात येताना आणि पन्नाशीनंतर. नवजात मुलात तो आईच्या संप्रेरकांमुळे ढळतो आणि काही आठवड्यांत आपोआप सावरतो. (आपल्याकडे अजूनही काही घरांत बाळाची छाती दाबून त्यातले ‘दूध’ काढतात. त्याने जंतुसंसर्ग होऊन गळू होऊ शकते, हे आशाताईंनी घरभेटीत आवर्जून सांगायला हवे.) वयात येताना, विशेषतः तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या सुमारास, निम्म्या किंवा त्याहूनही अधिक मुलग्यांमध्ये ही वाढ कमी-अधिक प्रमाणात होते आणि बहुतेकांमध्ये ती सहा महिने ते दोन वर्षांत कोणत्याही औषधाविना ओसरते.

म्हणजे ज्या मुलाला वाटते की शाळेत हे एकट्या आपल्यालाच झाले आहे, त्याच्या शेजारच्या बाकावरच्या मुलालाही ते झालेले असण्याची शक्यता बरीच मोठी आहे, फक्त दोघेही गप्प आहेत. या मुलांना गोळी नको असते. कोणी जाणत्याने हाताने नीट तपासून, दोन वर्षांत हे जाईल, सहा महिन्यांनी पुन्हा दाखव, असे सांगावे, एवढीच त्यांची गरज असते. मात्र हे सांगण्याचा अधिकार शिक्षकाला नाही, तो डॉक्टरांचा आहे, कारण वरवर सारख्या दिसणाऱ्या छात्यांमागे कारणे वेगवेगळी असतात.

काही मुलांत ग्रंथी वाढलेलीच नसते, नुसती चरबी असते. तिथे वजन उतरले की फरक पडतो. ग्रंथीची वाढ मात्र व्यायामाने जात नाही, आणि हे मी माझ्या पेशाच्या अनुभवावरून ठामपणे सांगू शकतो. ‘डिप्स मार, छाती उतरेल’ हा तालमीतला आणि जिममधला सल्ला ऐकून मुले महिनोन् महिने घाम गाळतात, छातीचा स्नायू वाढतो आणि त्याच्यावरची ग्रंथी आणखी पुढे दिसू लागते. काहींच्या बाबतीत कारण जिममध्येच असते : शरीर झटपट भरावे म्हणून घेतलेली ॲनाबॉलिक स्टिरॉइडची, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारख्या कृत्रिम संप्रेरकांची इंजेक्शने. बाहेरून आलेल्या या संप्रेरकाचा काही भाग शरीर इस्ट्रोजेनमध्ये बदलते आणि स्वतःचे टेस्टोस्टेरॉन तयार करणे थांबवते, त्यामुळे पुरुषी दिसण्यासाठी घेतलेल्या औषधाने छातीच वाढते.

मोजक्या मुलांमध्ये ही वाढ दुसऱ्या आजाराची खूण असते, आणि शालेय तपासणीत हा प्रश्न असावा असे म्हणण्याचे माझे मुख्य कारण तेच आहे. क्लाइनफेल्टर सिंड्रोममध्ये मुलाच्या पेशींत एक एक्स गुणसूत्र जादा असते; साधारण सहाशे ते सातशे मुलग्यांमागे एकाला ते असते. मुलगा उंच वाढतो, अंडकोष लहान आणि कठीण राहतात, छाती वाढते. अनेकांना याचा पत्ता लागतो तो लग्नानंतर मूल होत नाही म्हणून तपासण्या सुरू झाल्यावर, म्हणजे टेस्टोस्टेरॉनच्या उपचारांची आणि हाडांच्या काळजीची कितीतरी वर्षे निघून गेल्यावर. क्वचित अंडकोषाच्या गाठीचे पहिले लक्षण छातीची वाढ हेच असते. थायरॉइडचे कार्य वाढणे, यकृत किंवा मूत्रपिंड निकामी होणे, मानसिक आजारावर दिले जाणारे रिस्पेरिडोन, यकृताच्या आजारात पोटात पाणी झाल्यावर दिले जाणारे स्पायरोनोलॅक्टोन, प्रोस्टेटसाठीचे फिनास्टेराइड, अतिमद्यपान, ही कारणे मोठ्या वयात अधिक दिसतात. म्हणूनच छाती तपासणाऱ्या डॉक्टरने अंडकोषही तपासले पाहिजेत आणि चालू औषधांची चिठ्ठी मागितली पाहिजे. या दोन्ही गोष्टींना पैसे लागत नाहीत. वेळ आणि पडदा लागतो.

आता व्यवस्थेकडे वळतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला आणि जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुले त्यात येतात. त्याची पथके शाळांत येतात, वजन-उंची घेतात, डोळे, दात, हृदयाचे ठोके पाहतात, आणि पथकात एक पुरुष व एक महिला वैद्यकीय अधिकारी असणे अपेक्षित आहे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम जानेवारी २०१४ मध्ये दहा ते एकोणीस वयोगटासाठी आला आणि आपल्या राज्यातली मैत्री क्लिनिके त्याचाच भाग आहेत. मुलींसाठी या कार्यक्रमांमुळे शाळांमधून पाळी, रक्तक्षय आणि सॅनिटरी नॅपकिन यांवर मोकळेपणाने बोलले जाऊ लागले. ते व्हायलाच हवे होते आणि त्यात तसूभरही कमी करू नये. मुलग्यांशी मात्र वयात येण्याविषयी बोलणे व्यसनांच्या व्याख्यानापाशी थांबते. त्यांच्या शरीरात काय बदलते आहे, हे त्यांना कोणी विचारत नाही, आणि मैत्री क्लिनिकच्या दारावर मुलींची रांग पाहून मुलगा परत फिरतो.

ही पोकळी बाजार भरून काढतो. मोबाइलवर एकदा शोध घेतला, की मुलाला तेले, मलमे, ‘हार्मोन संतुलन’ करणाऱ्या पुड्या आणि घट्ट बनियन यांच्या जाहिराती पाठ सोडत नाहीत. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात स्त्रियांच्या स्तनांच्या आकारावरील औषधांच्या जाहिरातींना मनाई आहे. पुरुषांच्या छातीचा तिथे उल्लेख नाही. सत्तर वर्षांपूर्वी तो कोणाच्या मनात आला नसेल, हे समजू शकते. कायदा केंद्राचा असला तरी दुरुस्तीची शिफारस राज्याला करता येईल, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय स्टिरॉइडची इंजेक्शने विकली जाऊ नयेत एवढे पाहणे तर आजच्याच नियमांत अन्न व औषध प्रशासनाच्या हाती आहे.

ज्यांची वाढ दोन वर्षांनंतरही ओसरत नाही, किंवा जी सतरा-अठराव्या वर्षापर्यंत तशीच राहते, त्यांचा प्रश्न वेगळा आहे. सुरुवातीच्या महिन्यांत वाढ दुखरी असेल तर तज्ज्ञ डॉक्टर काही वेळा टॅमॉक्सिफेन देतात. ते या आजारासाठी अधिकृतपणे मान्य केलेले औषध नाही, म्हणून ते दुकानातून स्वतःहून आणून घेण्याचे काम नव्हे. साधारण वर्ष उलटले, की ग्रंथीत तंतुमय ऊतक तयार होते आणि मग औषधाचा उपयोग फारसा उरत नाही. तेव्हा शस्त्रक्रिया हाच मार्ग राहतो : स्तनाग्राभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या कडेने लहान छेद घेऊन ग्रंथी काढतात, गरज असेल तर लायपोसक्शनने भोवतालची चरबी काढतात आणि पुढे काही आठवडे दाबाचा बनियन घालायला लावतात. आत रक्त किंवा पाणी साचणे, स्तनाग्राची संवेदना कमी होणे, ग्रंथी जास्त काढली गेल्यास तिथे खळगा पडणे, असे धोके त्यात आहेत आणि ते आधी सांगितले गेले पाहिजेत. तरीही ही शस्त्रक्रिया कोणत्याही अनुभवी जनरल सर्जनच्या आवाक्यातली आहे. तिच्यासाठी पुण्या-मुंबईला जावे लागू नये.

अडचण अशी, की तिला ‘सौंदर्यासाठीची’ म्हटले, की दारे बंद होतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यात कंत्राटावर काम करणाऱ्या बापाला खासगी रुग्णालयातला खर्च झेपत नाही, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपल्या मुलाची शस्त्रक्रिया बसते का, कोणत्या अटींवर बसते, याचे उत्तर त्याला सहजी मिळत नाही. योजनेचे संरक्षण प्रतिकुटुंब पाच लाखांपर्यंत वाढवले गेले, हे स्वागतार्हच आहे. पण कोणत्या अवस्थेतली ग्रंथीवाढ उपचार म्हणून धरायची आणि कोणती नाही, हे लेखी आणि मराठीत जाहीर व्हायला हवे. नाशिक जिल्ह्यात याला आणखी एक बाजू आहे. देवळालीचा तोफखाना डोळ्यांसमोर असल्याने इथल्या आणि सुरगाणा, पेठ, कळवणच्या असंख्य मुलांना सैन्याची ओढ आहे, आणि सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत ठळक गायनेकोमास्टियामुळे उमेदवार अपात्र ठरवला जाऊ शकतो. धावण्यात पहिला आलेला मुलगा तिथे पहिल्यांदा हे नाव ऐकतो आणि फेरतपासणीच्या मुदतीच्या आत कर्ज काढून शस्त्रक्रिया उरकण्यासाठी धावपळ करतो. तोच मुलगा आश्रमशाळेत नववीत असताना कोणी तपासला असता, तर हातात चार वर्षे असती.

प्रौढांविषयी थोडक्यात. स्तनांच्या एकूण कर्करोगांपैकी एक टक्क्याहून कमी पुरुषांना होतात, त्यामुळे पुरुषांची सरसकट तपासणी करा असे मी म्हणणार नाही. तो पैशांचा अपव्यय ठरेल. परंतु एकाच बाजूला, स्तनाग्रापासून दूर, दगडासारखी कठीण आणि न हलणारी गाठ, स्तनाग्रातून रक्त येणे, कातडी आत ओढली जाणे किंवा काखेत गाठ लागणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच आठवड्यात दाखवावे, एवढी ओळ आयुष्मान आरोग्य मंदिरांतल्या स्तनकर्करोगाच्या फलकावर पुरुषांसाठीही छापता येईल. हा आजार आपला नव्हे, या समजुतीपायी पुरुष उशिरा येतात.

माझी मागणी नव्या योजनेची नाही, नव्या इमारतीची तर मुळीच नाही. शालेय तपासणीच्या कार्डावर सहावी ते दहावीच्या मुलग्यांसाठी छातीत दुखरी गाठ किंवा वाढ जाणवते का, हा एक प्रश्न यावा; ‘होय’ म्हणणाऱ्याची तपासणी वेगळ्या खोलीत, त्याच्या संमतीने, पुरुष वैद्यकीय अधिकाऱ्याने करावी आणि त्याची नोंद वर्गशिक्षकांच्या टेबलावर पडून राहू नये. कोणाला नुसता धीर द्यायचा आणि कोणाला पुढे पाठवायचे, याचे एक पानी मराठी टिपण पथकांच्या हाती असावे : वयात येण्याची इतर लक्षणे नसताना झालेली वाढ, झपाट्याने किंवा फार मोठी झालेली वाढ, दोन वर्षांहून जुनी वाढ, लहान अंडकोष किंवा त्यांत गाठ. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आमच्याच शहरात, म्हसरूळला आहे. असे टिपण त्याच्याकडून करून घेणे अवघड जाऊ नये. पुढे पाठवलेल्या मुलासाठी जिल्हा रुग्णालयाच्या, म्हणजे आमच्या सिव्हिलच्या शस्त्रक्रिया विभागात आठवड्यातला एक ठरलेला दिवस असावा, तिथे संप्रेरकांच्या रक्तचाचण्या आणि सोनोग्राफी व्हाव्यात आणि पुढच्या उपचारांसाठी शालिमारच्या संदर्भ सेवा रुग्णालयाकडे जाण्याचा मार्ग कागदावर स्पष्ट असावा. शक्य असेल तर हे आधी नाशिक महापालिकेच्या शाळांत आणि दोन-तीन आदिवासी तालुक्यांतल्या आश्रमशाळांत करून पाहावे; आदिवासी विकास आयुक्तालय इथेच असल्याने दोन विभागांचा पत्रव्यवहार तरी एकाच शहरात होईल.

येत्या जूनमध्ये शाळा उघडतील आणि तपासणीची कार्डे त्याच्या आधीच छापायला जातील. त्यापूर्वी या एका प्रश्नाबाबत आपल्या विभागाने काय ठरवले, हे कृपया जाहीर करावे.

आपला विश्वासू,
एक क्रीडाशिक्षक
नाशिक