डावखुरीच घे

चि. सानिकास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले दोन्ही फोटो पाहिले. एक ती टोकदार व्ही आकाराची काळी गिटार, दुसरी सात तारांची. दोन्ही उजव्या हाताच्या. ‘डावखुऱ्यांसाठी दुकानात काही नसतंच, उजवीच घेते आणि सवय करते,’ असं खाली लिहिलंयस. हे वाचल्यापासून मला चैन नाही. फोनवर तुला क्लासची घाई असते, म्हणून सविस्तर लिहितेय. माझं मत आधीच सांगून टाकते: गिटार डावखुरीच घे. सहा तारांची, दोन हंबकर (तारांचं कंपन पकडणारे दुहेरी कॉइलचे पिकअप) असलेली, न हलणाऱ्या ब्रिजची (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग). व्ही आणि सात तारा नंतर कधीही घेता येतील.

आजीने तुला जेवायला उजवा हात लावला, पण पेन्सिल, कात्री, कॅरमचा स्ट्रायकर हे सगळं डाव्या हातातच राहिलं. विचार करताना टेबलावर ठेका धरतेस तोही डाव्या हाताने. गिटारमध्ये नेमकं हेच महत्त्वाचं आहे. काही जण तुला सांगतील की तारा दाबणाऱ्या हाताचं काम जास्त अवघड, तेव्हा डावखुऱ्याने उजवी गिटार घेतली तर उलट फायदाच होतो. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. मार्क नॉप्फ्लर डावखुरा, गॅरी मूरही डावखुरा, आणि दोघेही उजव्या गिटारवरच मोठे झाले. पण तुला वाजवायचंय मेटल, म्हणजे जड आवाजाचं रॉक, आणि मेटलची रिदम सगळी पिक धरणाऱ्या हातात असते. तळहाताची कड ब्रिजपाशी तारांवर टेकवून आवाज दाबायचा आणि त्याच हाताने खाली, खाली, खाली असे एकसारखे स्ट्रोक मारायचे. कड जरा पुढे सरकली की सूर मरतो, जरा मागे गेली की तार मोकळी वाजते. मेटॅलिका बँडच्या जेम्स हेटफिल्डचा हात एकदा व्हिडिओचा आवाज बंद करून नुसता बघ. हे काम ज्या हातात जन्मापासून ताल आहे त्याच हाताला द्यावं, असं मला मनापासून वाटतं. तू अजून मैत्रिणीच्या गिटारवर चारदोन पॉवर कॉर्डच (दोन सुरांचे सोपे कॉर्ड) शिकली आहेस. आत्ता बाजू बदलायला काहीच जड जाणार नाही.

उजवी गिटार उलटी धरायचा मार्गही आहे. जिमी हेंड्रिक्सने तसंच केलं, उजवी स्ट्रॅटोकास्टर उलटी करून तारा पुन्हा आपल्या क्रमाने लावल्या. पण मग नटच्या (नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा चुकीच्या बाजूला येतात. जाड तारेच्या खाचेत बारीक तार खुळखुळते आणि जाड तार बारीक खाचेत बसत नाही, म्हणजे नट बदलणं आलंच. आवाजाची बटणं वाजवणाऱ्या हाताखाली येतात, आणि वरच्या फ्रेटपर्यंत (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपर्यंत) हात पोचावा म्हणून बॉडीला दिलेला खोल काप वरच्या अंगाला जातो. पैसे मोजून एवढी गैरसोय घरात कशाला आणायची?

ब्लॅक सॅबथ बँडच्या गिटारवादक टोनी आयोमीची गोष्ट तुला ठाऊक असेल, तरी पूर्ण सांगते, कारण तीही डावखुऱ्याचीच आहे. बर्मिंगहॅमचा हा मुलगा १७ वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. कामाचा शेवटचा दिवस होता, आणि त्याच दिवशी मशीनमध्ये उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं टोक गेलं. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. कारखान्यातल्या मुकादमाने त्याला जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आगीत हात भाजल्यावर जँगो मुख्यतः दोन बोटांवर गिटार वाजवायचा. ते ऐकून आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं. नेहमीच्या तारा त्या बोटांना झेपेनात, म्हणून बँजोच्या बारीक तारा लावल्या. पुढे तारा सैल करून सूरच खाली आणले. १९७१ च्या तिसऱ्या अल्बमात ब्लॅक सॅबथची गिटार काही गाण्यांत तीन अर्धस्वर खाली उतरलेली आहे. दुखऱ्या बोटांना सोपं जावं हे त्याचं एक कारण होतं. आज आपण ज्याला हेवी म्हणतो तो आवाज निम्मा तिथून आलाय. स्वतःच्या हाताला वाद्य कसं जुळवायचं हे त्याने आधी पाहिलं. तूही तिथूनच सुरुवात करावीस एवढंच माझं म्हणणं आहे.

सूर खाली आणण्याचं थोडं गणित आहे. तू इंजिनिअरिंगला आहेस, तुला आवडेल. तारेवरचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. सहावी तार ई वरून डी वर आणलीस की ताण सुमारे २० टक्के उतरतो, सी वर आणलीस तर जवळजवळ ३७ टक्के. तार ढिली झाली की पिकखाली लडबडते, जोरात मारली की सुरुवातीला सूर चढा लागतो, आणि रिफचा (गाण्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या तुकड्याचा) गिचका होतो. यावर उपाय दोन: जाड तारा आणि लांब स्केल. नट ते ब्रिज हे अंतर गिब्सनच्या घराण्यात साधारण २४.७५ इंच असतं, फेंडरच्या घराण्यात २५.५ इंच. पाऊण इंचाचा फरक, पण तीच तार त्याच सुरात लावली तर ताण ६ टक्क्यांनी वाढतो. मेटलसाठी बनणाऱ्या बहुतेक गिटार २५.५ च्या असतात, तूही तीच घे. तारा १० ते ४६ (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) घेतल्यास तर साधं ट्यूनिंग आणि ड्रॉप डी (फक्त सहावी तार डी वर) दोन्ही निभावतं. सी पर्यंत उतरायचं असेल तर १० ते ५२. एवढ्याने तुला हवा असलेला खालचा आवाज सहा तारांतच मिळतो. सातवी तार आली की नेक रुंद होतो आणि न वाजणारी आणखी एक तार सतत दाबून ठेवावी लागते. पहिल्या वर्षी हा ताप नको.

हंबकरबद्दल मी हट्टाने सांगतेय, कारण तुझ्या हॉस्टेलचं वायरिंग मी पाहिलंय. एका कॉइलचा पिकअप तारेचं कंपन पकडतो तशी भिंतीतल्या विजेची ५० हर्ट्झची घरघरही पकडतो. साध्या आवाजात ती चालून जाते, पण डिस्टॉर्शन (आवाज फाडणारा परिणाम) लावलं की गाण्याइतकीच मोठी होते. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये पेटंटसाठी दिलेली युक्ती अशी की शेजारी दोन कॉइल ठेवायच्या, एकीचं वेटोळं आणि चुंबक दुसरीच्या उलट. घरघर दोघींत उलटसुलट येऊन कटते, तारेचा आवाज मात्र एकत्र होऊन दणकट येतो. ब्रिजजवळचा हंबकर रिफसाठी, नेकजवळचा सोलोसाठी. ईएमजीसारखे ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे पिकअप चांगलेच असतात, पण त्यांच्यापायी आत्ता बजेट ताणू नकोस. पिकअप नंतर बदलता येतात. वाईट नेक बदलणं तेवढं सोपं नसतं.

आता त्या व्हीवरच्या फ्लॉइड रोझ ब्रिजचं. गिटारवादक एडी व्हॅन हॅलनच्या हातात त्याने जे केलं ते मलाही प्रिय आहे. पण तो ब्रिज मागच्या स्प्रिंगा आणि पुढच्या तारा यांच्या ओढाताणीवर तरंगत असतो. एक तार तुटली की बाकीच्या पाचही सुरातून जातात. साध्यावरून ड्रॉप डी वर जायचं म्हटलं तरी सगळा तोल नव्याने साधावा लागतो. तू एका संध्याकाळी तीन ट्यूनिंगची गाणी वाजवू पाहतेस, तुला हे परवडणार नाही. शिवाय स्वस्त गिटारवरच्या नकली फ्लॉइडच्या धारा लवकर झिजतात आणि मग गिटार सुरात राहत नाही. आणि व्ही आकार उभ्याने झोकात दिसतो, पण हॉस्टेलच्या कॉटवर बसून सराव करताना मांडीवरून घसरतो. तुझा नव्वद टक्के वेळ बसूनच जाणार आहे.

लाकडाच्या चर्चेत मी तुला अडकवणार नाही. डिस्टॉर्शनखाली बॉडी कुठल्या झाडाची हे ऐकू येण्याआधी इतर दहा गोष्टी ऐकू येतात. वजन मात्र बघ, चार किलोच्या वर नको. फिंगरबोर्ड शिसवीचा मिळाला तर मला आनंदच होईल. आपल्या सह्याद्रीतही वाढणारं हे झाड जगभरातल्या गिटारवर जाऊन बसलंय.

डावखुरी मॉडेलं आयबानेझ, जॅक्सन, शेक्टर, ईएसपीची एलटीडी, सगळेच काढतात. पण मोजकी, आणि बहुधा काळ्याच रंगात. दुकानात तयार नसली तर मागवावी लागेल. तुझ्या चाळीस हजारांतले तीसच गिटारला दे, उरलेल्यांत हेडफोनवर चालणारा वेगवेगळे आवाज काढणारा छोटा मॉडेलिंग अ‍ॅम्प, पट्टा, तारा आणि सेटअप (नेक आणि तारांची उंची जुळवून घेणं). दिवाळीत येशील तेव्हा आपण मुंबईत धोबीतलावला जाऊ. माझ्या कॉलेजच्या दिवसांत तिथेच रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव व्हायचा. भर पावसात उभं राहून ऐकलंय मी, त्यामुळे त्या भागात तुला गिटार घेऊन द्यायची माझी फार इच्छा आहे. मागवायच्या मॉडेलची उजव्या हाताची आवृत्ती दुकानात असेल तर ती हातात घेऊन बघायची. वाजवता येणार नाही, पण नेकची जाडी आणि वजन कळतं. डावखुरी आली की आधी अ‍ॅम्पशिवाय तपासायची. नेककडे टोकाकडून एक डोळा मिटून बघायचं. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून कुठे झणझणते का ते ऐकायचं. नेकच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवायचं, फ्रेटची टोकं टोचता कामा नयेत. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला हलकेच स्पर्श करून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर जुळतात का पाहायचं. मग अ‍ॅम्प लावून बटणं फिरवायची, खरखर आली तर दुसरी मागायची. भिडस्तपणा करायचा नाही. मी शेजारी असेनच.

सेटअप मात्र नागपूरला गेल्यावर कर, इथे नको. मुंबईच्या दमट हवेत नेक एका जागी असतो आणि तुमच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात दुसरीकडे सरकतो. तारा खाली बसून झणझणू लागतात, लाकूड आकसून फ्रेटची टोकं बाहेर येतात. ट्रस रॉड (नेकच्या आतली, नेकचा बाक जुळवणारी सळई) थोडा फिरवला की बरंचसं काम होतं, पण पहिल्यांदा जाणकाराच्या हातून करून घे, आणि ज्या ट्यूनिंगमध्ये वाजवणार त्याच ट्यूनिंगमध्ये करायला सांग. गिटार कूलरच्या तोंडासमोर कधीही ठेवू नकोस. बॅगेतच ठेव, खिडकीपासून लांब. गाडीत वरच्या बर्थवर तुझ्या उशाशी राहील.

सराव करताना गेन (डिस्टॉर्शन किती लागेल ते ठरवणारं बटण) अर्ध्यावर ठेव. जास्त गेनमध्ये चुका झाकल्या जातात आणि तुझा डावा हात नेमकं काय करतोय ते तुला कळणार नाही. मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला ८० ठोक्यांवर, फक्त खालचे स्ट्रोक, मनगट सैल. कोपरापासून दुखायला लागलं तर लगेच थांब आणि मला सांग. दुखणं दाबून वाजवत राहू नकोस.

तुझी,
आई

ता. क. बाबांना सात तारांची जास्त आवडली आहे. ते तुला फोन करतील. त्यांना ३७ टक्क्यांचं गणित समजावून सांग.